एम्प्लॉयमेंटचं कार्ड

कॉलेजातल्या प्लेसमेंट सेलचा पूर्वज सैनिकी म्हणायला हवा. १९४५ मध्ये सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना काम मिळावं म्हणून सरकारने सेवायोजन कार्यालयं काढली. पुढे ती सर्वांना खुली झाली, विद्यापीठांतही रोजगार मार्गदर्शनाचे कक्ष आले. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक झालं. भरती तिथूनच करण्याचं बंधन मात्र नव्हतं! खरी मेख हीच. ज्याचा मामा कारखान्यात, त्याला कार्डाची गरज नव्हती. उजनीच्या पाण्याने उठवलेल्या पळसदेवच्या मुलाला, आपल्या मुलाणी-तांबोळ्यांच्या पोराला, जागा निघाल्याचं कळायला दुसरी वाट फारशी नव्हती. आता नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते, आणि मोठ्या कंपन्या मुलाखतींसाठी शहरातल्या मोजक्या कॉलेजांतच जातात.