अभयवचन आणि मामलेदार

एकोणिसाव्या शतकात माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी सरकार म्हणजे मामलेदार कचेरी. पण ज्याच्यापुढे रयत हात जोडून उभी राही, तो मामलेदार स्वतः मात्र वरिष्ठांच्या मर्जीवर जगत असे. सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात मोडे आणि १८८८ साली या विभागाचे कमिशनर होते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. मुंबईची प्रसिद्ध मंडई ज्यांच्या नावाने ओळखली गेली, तेच हे गृहस्थ.

मामलेदारांच्या बदल्या-बढत्यांसाठी हणमंतराव राघवेंद्र या मध्यस्थामार्फत साहेबांकडे पैसे पोचतात, अशी कुजबुज होती. पण पुरावा देऊ शकणारे फक्त तेच, ज्यांनी पैसे मोजले होते! म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभयवचन दिले : खरे सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. त्या शब्दावर विसंबून ते चौकशी आयोगापुढे बोलले.

आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचखोरीच्या आरोपातून मुक्त केले. हाताखालच्या माणसांकडून कर्जे घेतल्याबद्दल मात्र त्यांची नोकरी गेली. त्यानंतर रोख वळला तो साक्षीदारांकडे. लाच देणाऱ्यांनी न्यायासनावर बसावे काय, असा सवाल पार्लमेंटपर्यंत गेला. सवाल गैरवाजवी नव्हता. मामलेदार काही निष्कलंक नव्हते. परंतु तो वचन देण्याआधी विचारायचा होता, साक्ष पदरात पडल्यावर नव्हे. लोकमान्य टिळकांनी नेमके हेच धरून मामलेदारांची बाजू लढवली आणि विल्यम डिग्बी यांच्यामार्फत ती विलायतेतही पोचवली.

१८८९ साली हिंदुस्थान सरकारने खास कायदा करून या साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिले. नोकरीचे अभय मात्र पुरते पाळले गेले नाही. काहींना ती गमवावी लागली.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न अधिक स्वच्छ हातांच्या माणसांपुढे उभा राहिला. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते फुटले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. पुढे संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याचा सूडापोटी छळ होऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र वर्षामागून वर्षे गेली तरी निघालेली नाही.