फोड नेमका कुठे येतो?

१८८६ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश क्योब्नर यांनी एका आजाराला 'एपिडर्मोलायसिस बुलोसा हेरेडिटारिया' हे नाव दिले. नाव कसले, ते जवळजवळ एक वाक्यच आहे: बाह्यत्वचा सुटते, फोड येतात आणि हे वंशपरंपरेने चालत येते. त्याआधी असे रुग्ण 'पेम्फिगस' या ऐसपैस गटात ढकलले जात. क्योब्नर यांनी लक्षण नीट वाचले. पण त्वचा का सुटते, हे त्या नावात नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

पुढचे महत्त्वाचे वाचन १९६२ सालचे. रॉजर पिअरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा वरून सारख्याच दिसणाऱ्या फोडांचे तळ निरनिराळे निघाले. कुठे बाह्यत्वचेच्या पेशीच आतून फाटत होत्या, कुठे बाह्यत्वचेला अंतस्त्वचेशी सांधणाऱ्या पटलात फट पडत होती, तर कुठे त्या पटलाच्याही खाली. म्हणूनच निदानासाठी आजही ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा घेतात. जुना फोड भरत येताना आपलीच साक्ष पुसून टाकतो. जोडीला आता जनुकतपासणी आली आहे.

१९९१ सालची हकीकत आम्हांला विशेष आवडते. एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत केराटिन-१४ या प्रथिनात बिघाड घडवलेल्या उंदरांना फोड आले. जनुक ठाऊक, लक्षणे समोर, पण रोग कोणता? त्यासाठी त्वचारोगाचे ग्रंथ उघडावे लागले, आणि क्योब्नरांचा जुना आजार तिथे वाट पाहत होता. नेहमीच्या शोधाची दिशाच इथे उलटली.

या मुलांना जगभर 'फुलपाखरू-मुले' म्हणतात. त्वचा पंखासारखी नाजूक, एवढाच त्याचा आशय. प्रतिमा लोभस आहे आणि मदतनिधी उभारायला उपयोगी पडते, हे मान्य. तरीही साहित्याच्या अभ्यासकांनी इथे थोडे अडखळावे, असे आम्हांला वाटते. या आजाराच्या एका तीव्र प्रकारात व्रण धरून बोटे एकमेकांना चिकटतात, अन्ननलिका आकसते, आणि तरुण वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. फुलपाखरात यातले काही मावत नाही.

उपचारांचा इतिहास मात्र बराच काळ पट्ट्यांचाच होता. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांच्या एका सीरियन निर्वासित मुलावर इटलीतील मिकेले दे लुका यांच्या गटाने जनुक दुरुस्त करून वाढवलेली त्वचा बसवली; शरीराची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा नवी झाली. २०२३ साली अमेरिकेत जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदा, जखमेवर थेंबाथेंबाने लावायचे. घरात मात्र अजूनही निर्जंतुक सुईने फोड टोचायचा, पाणी काढायचे, वरची कातडी तशीच राहू द्यायची आणि न चिकटणारी पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी ती सोडवताना आईने ती आधी नीट भिजवायची.