परभणी जिल्ह्यातील बारवा

पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येते अशा, घडीव दगडांनी बांधून काढलेल्या सार्वजनिक विहिरी. मराठवाड्यात बारवा प्रामुख्याने यादवकाळापासून (बारावे ते चौदावे शतक) जुन्या मंदिरांच्या आवारात व गावठाणालगत आढळतात. परभणी जिल्ह्यात वालूर व हातनूर (ता. सेलू), चारठाणा (ता. जिंतूर), पिंगळी व आर्वी (ता. परभणी) येथील बारवा उल्लेखनीय आहेत. मंदिरासमोरच्या चौकोनी, चहूबाजूंनी पायऱ्यांच्या कुंडाला पुष्करणी म्हणतात. बोलण्यात मात्र तिलाही बारवच म्हटले जाते.

प्रकार : बाराव्या शतकातील ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात प्रवेशांच्या संख्येवरून वापीचे (पायविहिरीचे) चार प्रकार सांगितले आहेत : एका प्रवेशाची नंदा, दोहोंची भद्रा, तिहींची जया आणि चोहोंची विजया.

बांधकाम : येथील जमीन काळ्या मातीची, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ. पाणी मुरमात व कातळाच्या भेगांत साठते, म्हणून खोदाई तिथपर्यंत न्यावी लागे. भिंती बहुधा चुन्याशिवाय, दगडावर दगड घट्ट बसवून रचत. सांधे कोरडे ठेवल्याने झऱ्याचे पाणी आत पाझरते आणि भिंतीमागे त्याचा दाब साचत नाही. वरून खाली येताना प्रत्येक टप्पा थोडा आत घेतलेला असतो. त्यामुळे मातीचा रेटा टप्प्याटप्प्याने पेलला जातो व उभे राहायला जागाही मिळते. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी भिंतीलगत दोन्हीकडून उतरणाऱ्या छोट्या पायऱ्यांच्या जोड्या असतात. मधल्या देवकोष्ठांत मूर्ती बसवीत. आज त्यांतली बरीच कोष्ठे रिकामी दिसतात. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती हा या भिंतींचा मोठा शत्रू आहे.

वालूरची बारव या साच्यात बसत नाही. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता एकाच दिशेने वळत जातात. वरून पाहिले, की सारी बारव भोवऱ्यासारखी फिरत असल्याचा भास होतो. चारठाण्याची बारव गोकुळेश्वर मंदिराशी, तर पिंगळीची पिंगळेश्वर मंदिराशी जोडलेली आहे.

उपयोग : देवदर्शनापूर्वीचे स्नान, पाय धुणे, पूजेचे पाणी, वाटसरूंची तहान आणि गावाचे पिण्याचे पाणी अशी अनेक कामे एकाच बारवेवर भागत. बारवेत माणूस पाण्याकडे उतरे. पाणी आटत जाई तशा खालच्या पायऱ्या उघड्या पडत, आणि वैशाखात घागर भरणाऱ्याला तितके जास्त खाली जावे लागे.

ऱ्हास व जतन : पाण्यात पाय टाकता येण्याच्या याच सोयीतून नारूचा प्रसार होई. रुग्णाच्या पायावरचा फोड पाण्यात बुडाला की कृमीची पिल्ले पाण्यात सुटत, सूक्ष्म जलपिसवा ती गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला रोग होई. नारू निर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात म्हणूनच पायविहिरींऐवजी हातपंप व बंदिस्त विहिरींवर भर दिला गेला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला व 2000 मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. तोवर नळ आणि बोअर आल्याने बारवांचा नित्य वापर सुटत गेला; अनेक बारवांत गाळ, कचरा आणि झुडपे साचली. अलीकडे रोहन काळे यांनी सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र बारव मोहीम’मुळे या वास्तूंच्या नोंदी, सफाई आणि महाशिवरात्रीचा दीपोत्सव यांना चालना मिळाली. वालूरच्या ग्रामस्थांनीही आपल्या बारवेतला गाळ उपसून तिच्या वळत्या पायऱ्या पुन्हा मोकळ्या केल्या.