सहलीआधी पाणी पाहावे

परीक्षा आटोपतात, शाळेला कुलूप लागते आणि घरोघर मुले विचारू लागतात, "सुट्टीत कुठं जायचं?" घोटावड्यासारख्या गावात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. मुळशी काय आणि शेजारचा मावळ काय, दोन्ही तालुके डोंगरांनीच भरलेले. पौडावरून कोळवणच्या खोऱ्यात शिरले की पुढे तिकोना किल्ला येतो. एक रात्र पायथ्याशी मुक्काम करायचा आणि पहाटे गड चढायचा, असा बेत बसल्या बैठकीला ठरतो. मग कुणी भाकऱ्यांचा हिशेब करतो, कुणी अंथरुणांचा, तर कुणी गाडीचा.

आज या बेताविषयीच थोडे बोलायचे आहे, पण ते इतिहासाच्या आधाराने. कारण बायकामुलांना घेऊन घराबाहेर पडणे आणि रानात तळ टाकणे ही काही आजची हौस नव्हे. राजे गेले, फौजा गेल्या, व्यापारी गेले, वारकरी तर आजही जातात. या सगळ्यांच्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. बेत भाकरीपासून करू नये, तो पाण्यापासून करावा.

आधी एक लांबचे उदाहरण घेऊ, म्हणजे आपल्या जवळची गोष्ट नीट उमगेल. १५४० साली शेरशहाने हुमायून बादशहाचा पराभव केला आणि बादशहाला राज्य सोडून पळावे लागले. दोन वर्षांनी, म्हणजे १५४२ च्या उन्हाळ्यात, तो राजपुतान्याच्या वाळवंटातून उमरकोटकडे निघाला होता. सोबत थोडे सैनिक, नोकरचाकर, घरच्या बायका आणि गरोदर असलेली बेगम हमीदाबानू. काही विहिरी शत्रूने बुजवून टाकलेल्या. ज्या उघड्या होत्या त्या इतक्या खोल, की मोट वर आल्याचे कळावे म्हणून ढोल वाजवावा लागे. मोट ओढणारे बैल तोवर इतके दूर गेलेले असत, की विहिरीवरच्या माणसाची हाक तिथवर पोहोचत नसे! पाण्यावरून माणसे एकमेकांवर तुटून पडली. तहानेने माणसे मेली, जनावरे मेली. शेवटी उमरकोटच्या राण्याने आसरा दिला आणि तिथे १५ ऑक्टोबर १५४२ रोजी एक मूल जन्मले. तोच पुढे अकबर बादशहा झाला.

ही हकिकत ज्याने लिहून ठेवली त्याचे नाव जौहर. तो बादशहाचा आफताबची होता, म्हणजे पाण्याची झारी सांभाळणारा नोकर. मोठमोठे सरदार जे विसरले असते, ते या पाणक्याच्या ध्यानात राहिले. कोणत्या मुक्कामाला पाणी मिळाले आणि कुठे मिळाले नाही, हे त्याला विसरून चालणारच नव्हते. बादशहाजवळ जवाहीर होते, पण तहान जवाहिराने भागत नाही.

तुम्ही म्हणाल, "अहो, ते वाळवंट! आमच्या मुळशीत पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आम्हाला पाण्याची काय वाण?" प्रश्न रास्त आहे. मुळशीच्या धरणाखाली आमच्या जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ साली याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्या पुढे उभे राहिले. इथे दुःख झाले ते पाणी नसल्याचे नव्हे, पाण्याखाली गाव गेल्याचे. तेव्हा इथल्या माणसाला वाळवंटाचा दाखला देणे विचित्र वाटेल.

पण जरा चैत्र-वैशाखात डोंगरमाथ्यावर जाऊन बघा. सह्याद्री हा काळ्या कातळाचा डोंगर. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून तो बनला. हा घट्ट कातळ मातीसारखे पाणी पीत नाही. आषाढ-श्रावणात कोसळलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी धावत नदीला जातो, आणि धरण भरते ते खाली खोऱ्यात. कातळाच्या भेगांत जे थोडे मुरते, तेवढ्यावर झरे वाहतात. होळी सरली की त्यांतले बरेचसे आटतात. गवत पिवळे पडते, कातळ तापतो, सावलीला झाड मिळत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत आपला डोंगरमाथा आणि वाळवंट यांत तहानलेल्या माणसाला फारसा फरक जाणवत नाही. गंमत म्हणजे सहलीला निघतो आपण नेमके याच दिवसांत, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच असते.

आपल्या पूर्वजांनी हे फार लवकर ओळखले होते. तिकोन्यापासून पवनानगरच्या बाजूने पुढे गेले की बेडशाची लेणी लागतात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे, एरवी वाटसरूंना आसरा मिळावा, असा तो काळ. लेणे म्हटले की आपण खांब आणि नक्षी बघतो आणि परत फिरतो. पण तिथेच बाजूला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतल्या एका टाक्यावर लेख आहे. महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिने हे दान दिले, असा त्याचा आशय. बघा, एका बाईने पुण्य कशात मानले? वाटसरूच्या ओंजळीत पाणी पडण्यात. पलीकडे भाजे लेण्यातही अशाच एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे नाव आहे. त्या लेखात टाक्याला शब्द आहे 'पोढी'. राजवाड्यांची नावनिशाणी राहिली नाही, पण पाणी देणाऱ्यांची नावे कातळावर राहिली.

हीच विद्या पुढे किल्ल्यांवर आली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, किल्ला कसा बांधावा याचा उपदेश आहे. त्यात तट-बुरुजांइतकीच पाण्याची काळजी केलेली आहे. आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून जास्तीची टाकी राखून ठेवावीत. केवढा दूरवरचा विचार! वाहते पाणी डोळ्यांसमोर असतानाही माणसाने उद्याची सोय करून ठेवावी, हे त्यातले सार.

आपला तिकोना या शिकवणीचा चांगला नमुना आहे. उंची साधारण साडेतीन हजार फूट. खाली पवनेचे खोरे, समोर तुंग, पलीकडे लोहगड आणि विसापूर. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. पुढे ते परत स्वराज्यात आले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि गड इंग्रजांकडे गेले. या सगळ्या काळात गडावर जी शिबंदी राहिली, ती काय पिऊन राहिली? पवना नदी खाली वाहते, पण वेढा पडल्यावर खाली कोण उतरणार? त्यांना जगवले ते कातळातल्या टाक्यांनी. तिकोन्यावर तुळजाईचे लेणे आहे, माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे आणि जागोजाग टाकी आहेत. मुलांना तोफा कुठे होत्या ते जरूर दाखवा. पण त्याआधी टाकी दाखवा.

शिक्षकांसाठी इथे एक सोपा हिशेब सांगतो. समजा एक टाके तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल आहे. त्यात बारा घनमीटर, म्हणजे बारा हजार लिटर पाणी मावते. गडावर वीस माणसे आहेत आणि पिण्या-रांधण्याला माणशी पाच लिटर लागते असे धरले, तर रोजचे झाले शंभर लिटर. म्हणजे हे एक टाके एकशेवीस दिवस पुरेल. उन्हाने उडणारे आणि झिरपणारे पाणी यात धरलेले नाही, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. माघापासून ज्येष्ठापर्यंतचे चार महिने एका टाक्यात कसे कोंडून ठेवले होते, हे एकदा गणिताने पटले की तो इतिहास मूल विसरत नाही. माप घेताना मात्र दोरीला दगड बांधून काठावरूनच घ्यावे आणि मोठ्या माणसाने घ्यावे. टाक्याच्या कडा निसरड्या असतात.

आता मुक्कामाची गोष्ट. घरच्या सगळ्यांना घेऊन पायी कसे जावे, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या वाटेवर म्हातारी माणसे चालतात, लेकुरवाळ्या बाया चालतात. हे कसे साधते? एक तर रोजची मजल ठरलेली. पहाटे निघायचे, उन्हे चढली की विसावा घ्यायचा आणि दिवस मावळायच्या सुमारास तळ गाठायचा. दुसरे म्हणजे जड सामान वाहनात आणि चालणाऱ्याच्या अंगावर हलके ओझे. तिसरी गोष्ट फार सुंदर आहे. दिंडीत कुणी डोक्यावर तुळस घेते, तर कुणी पाण्याचा हंडा घेऊन चालते आणि वाटेत तहानलेल्याला पाणी देते. तिथे पाणी वाहणे हीसुद्धा सेवा मानतात.

तेव्हा मंडळी, आता आपला बेत याच रीतीने आखू. घोटावड्याहून दुपार कलल्यावर निघावे, पौड, कोळवण, जवण करीत तिकोना पेठेला पोहोचावे. रात्रीचा तळ गडावर नको, गावात असावा. गावकऱ्यांना आधी विचारून देवळात किंवा शाळेत सोय करावी. मुलांच्या उशाला भिंत असली की आईच्या डोळ्याला डोळा लागतो. पहाटे तांबडे फुटताना चढायला लागावे. सर्वांत लहान मूल आणि सर्वांत थोर आजी ज्या चालीने चालतील, ती साऱ्यांची चाल. शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, तिथे मुलांचा हात सोडू नये. ऊन तापायच्या आत खाली यावे. दुपार सावलीत काढावी आणि उन्हे कलल्यावर बेडसे पाहून घराकडे वळावे.

पाण्याचा हिशेब असा. उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तीन-चार लिटर पाणी पिण्यालाच लागते. वर टाके आहे म्हणून रिकामी बाटली घेऊन चढू नये. ते पाणी साचलेले असते, गाळून आणि उकळून घेतल्याशिवाय मुलांना देऊ नये. तहान लागण्याची वाट न पाहता दर थोड्या वेळाने घोट-घोट पाजावे. थोडे मीठ, साखर आणि लिंबू जवळ ठेवावे. एखादे मूल गप्प झाले, त्याचे डोके दुखू लागले, ओकारी आली, तर ते उन्हाचे लक्षण समजावे. त्याला सावलीत निजवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि गड तिथेच सोडून खाली यावे. मूल भ्रमल्यासारखे बोलू लागले तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा. गड पुढल्या वर्षीही तिथेच असणार आहे.

आणखी दोन पथ्ये. उन्हाळ्यात गवत बारुदासारखे असते. वर चूल पेटवू नये, विडी-काडी टाकू नये. एका ठिणगीने डोंगर जळतो, आणि कड्यावर आग्यामोहोळ असले तर धुराने माश्या उठतात. दुसरे पथ्य टाक्याचे. त्यात पाय धुऊ नयेत, भांडी विसळू नयेत, बाटल्या आणि पिशव्या टाकू नयेत. नेलेला कचरा परत आणावा.

हे शेवटचे मी जरा जोर देऊन सांगतो. तोफांनी जी टाकी फोडली नाहीत, ती आपण प्लास्टिकने आणि गाळाने बुजवू लागलो आहोत. उमरकोटच्या वाटेवर विहिरी बुजवणारा शत्रू होता. आपल्या टाक्या बुजल्या, तर दोष कुणाला देणार? एखाद्या गावच्या शाळेने ठरवावे, की वैशाखात परवानगी काढून, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली एका टाक्याचा गाळ उपसायचा. मृगाचा पाऊस पडला की ते टाके पुन्हा भरेल. मग पुढल्या सुट्टीत तीच मुले आपल्या आईवडिलांना घेऊन तिथे जातील, आणि सामडिनिकेने कातळावर जे लिहून ठेवले, ते त्यांना वाचून दाखवावे लागणार नाही.