अंथरुणातून उठण्याचा इतिहास

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो. या रस्त्यावर १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला पुढे सुभाषचंद्रांचे नाव मिळाले. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसला तापाने फणफणलेले सुभाषबाबू डॉक्टरांचा सल्ला डावलून याच परिसरात आले होते. विश्रांतीचा विषय निघाला असता हे आठवल्यावाचून राहत नाही.

गर्भाशयातील गाठी काढून तिलवाऱ्यास घरी परतलेल्या स्त्रीपुढे पहिला प्रश्न असतो तो पडून किती दिवस राहावयाचे, हा. मराठी घरात त्याचे उत्तर तयारच असते : सव्वा महिना. बाळंतिणीचाच नेम, तीच शेकशेगडी, तेच डिंकाचे लाडू. यावर हसण्याचे कारण नाही. अमेरिकेत ॲटली बंधूंनी १८४४ साली पोट उघडून अशी गाठ काढली, तेव्हा भूल देण्याची ईथरची पद्धतही रूढ झाली नव्हती. त्यानंतर कित्येक दशके मोठमोठे शल्यविशारदही रोग्यास आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवीत. हालचाल झाली की टाके उसवतील, ही भीती.

शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ साली पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच रोग्यांना उठविल्याचे लिहिले. फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा व परिचारिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा हा विचार पटू लागला. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. टाक्यांच्या भीतीपोटी हा मोठा धोका पत्करला जात होता!

लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनी तर गर्भाशय वाचवून केवळ गाठी काढण्याचा जन्मभर पुरस्कार केला. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय अशाच विकारापायी काढावे लागले होते आणि त्यांना मूल झाले नाही. हे शल्य त्या आग्रहामागे असावे.

तरीही सव्वा महिन्याचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हे. कातडीची जखम लवकर भरते. पोटाच्या आतील थर सांधण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस पाण्याची कळशी दुसऱ्याने उचलावी; घरातल्या घरात चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली असेल तर हा काळ आणखी कमी होतो. ताप, वाढता रक्तस्राव, पोटरीची सूज किंवा धाप यांपैकी काही दिसल्यास मात्र लाडवांचा डबा बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे लागते.