पंच कार्डाची भोके आणि पगाराचा आकडा

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षरास कोणता आकडा द्यावयाचा हे माणसानेच ठरवावे लागते. ठरविणारे दोन ठिकाणी बसले म्हणजे हाल कोणाचे होतात, हे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांस निराळे सांगावयास नको.

१८९० साली अमेरिकेच्या शिरगणतीत हर्मन हॉलरिथची कार्डयंत्रे वापरली गेली. तो धंदा पुढे आयबीएमकडे आला. कार्डाच्या एका उभ्या रकान्यात एक अक्षर बसे : वरच्या तीन ओळींपैकी एकीत एक भोक आणि खाली एक ते नऊपैकी दुसरे. त्यामुळे इंग्रजी वर्णमालेचे तीन तुकडे पडले. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' हा मेनफ्रेम जाहीर केला, तेव्हा त्याचा 'एब्सिडिक' हा संकेत याच तुकड्यांवर बेतलेला होता. त्यात 'ए' १९३, 'आय' २०१. पण 'जे' एकदम २०९! पुढे 'आर' आणि 'एस' यांच्यामध्येही आठ घरांची फट.

वास्तविक १९६३ सालीच 'ॲस्की' हा प्रमाण संकेत निघाला होता. त्यात 'ए' ६५, 'झेड' ९०, मध्ये खंड नाही. सिस्टिम ३६० मध्ये ॲस्कीची सोयही ठेवली होती. पण गिऱ्हाइकांची कोठारे कार्डांनी भरलेली. ती सोय कामास आली नाही आणि पुढच्या ३७० मालिकेत काढून टाकली गेली. १९६८ च्या मार्चमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी, सरकारी खात्यांत येणाऱ्या संगणकांना ॲस्की आलेच पाहिजे, असा आदेश काढला. तरी एब्सिडिक आयबीएमच्या मेनफ्रेमवर आजही नांदतो आहे.

साध्या संगणकावरची आज्ञावली तेथे नेली की ही फट उघडी पडते. 'ए'पासून 'झेड'पर्यंत एकेक घर चालणारी आज्ञावली २६ ऐवजी ४१ घरे चालते. ॲस्कीत आधी अंक, मग मोठी अक्षरे, मग लहान. एब्सिडिकात बरोबर उलटे. एका क्रमाने लावलेल्या यादीत दुसऱ्या क्रमाने शोधले, तर हजर असलेला माणूसही गैरहजर ठरतो. शिवाय एब्सिडिकही एक नव्हे. चौकोनी उघडता कंस ०३७ क्रमांकाच्या कोष्टकात १८६ वर, तर १०४७ च्या कोष्टकात १७३ वर. देवनागरीचे ११३७ क्रमांकाचे कोष्टक आणखी निराळे.

खरा घात पगाराच्या नोंदीत होतो. तेथे नाव अक्षरांत असते, पण रक्कम पुष्कळदा एका घरात दोन अंक अशी दाबून भरलेली असते आणि शेवटी जमा-नावेची खूण. मेनफ्रेमवरची अशी नोंद बाहेर आणताना कोणी सरसकट ०३७ च्या कोष्टकातून काढली, तर नाव नीट उतरते, पण १२३४५ रुपयांचे १२९४२ होतात! त्या घरांतले आकडे ही अक्षरेच आहेत असे समजून यंत्र त्यांचे रूपांतर करते. ते थांबत नाही, ओरडत नाही. आकडा दिसावयास अगदी सभ्य. चूक कळते ती पगाराच्या दिवशी, खिडकीपाशी, आणि कळते ती बहुधा रक्कम कमी आली तरच.

म्हणून जाणते लोक नोंद तोडून घेतात : नाव कोष्टकातून, रक्कम जशीच्या तशी. कोठे तोडावयाचे हे नोंदीच्या आराखड्यात असते. तो आराखडा सापडत नसेल, तर ज्याने मांडला त्याला शोधावे लागते, आणि तो गृहस्थ पुष्कळदा मुदतीआधीच घरी पाठविलेला असतो.