त्रिरश्मीहून डहाणूकडे : जव्हार-मोखाड्यांतील संकल्पित लेणीशोध

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व डाहनुका या नद्यांवर आपण धर्मार्थ नावा ठेविल्या, असें तो त्यांत सांगतो. पैकीं दमण म्हणजे दमणगंगा व डाहनुका ही डहाणूची खाडी, असें मानतात. अर्थात् डोंगरीं लेणें कोरविणाऱ्या या दात्याचें लक्ष समुद्रकांठच्या उतारांवरहि होतें. या दोहोंमधील डोंगराळ मुलूख तो जव्हार-मोखाडा. तेथील वाघ व लेंडी या नद्यांचें पाणीहि अखेर दमणगंगेसच मिळतें.

नाशिकहून कोंकणांत उतरणाऱ्या प्राचीन वाटांचा विचार निघाला कीं अभ्यासकांची दृष्टि बहुधा थळघाटाकडे वळते. जव्हारची वाट मात्र उपेक्षित राहिली. इ. स. १६६४ च्या सुरतेच्या स्वारींत शिवाजी महाराज जव्हारजवळील शिरपामाळावर उतरले होते, ही स्थानिक परंपराहि या वाटेचें महत्त्व सुचविते. यास्तव त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, डहाणू असा प्रवास पायीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लेणें सांपडेलच, अशी आमची प्रतिज्ञा नाहीं. डोंगरांत कपारी पुष्कळ, आणि लोकांच्या तोंडीं बहुतेक कपारी पांडवांच्या! कपार व लेणें यांतील भेद टांकीच्या घावांनीं ठरतो. कोरीव ओटा, दाराची चौकट, किंवा नुसती पाण्याची पोढी आढळली तरी पुरे. नाणेघाटांतील टांकीं जुन्या वाटेची साक्ष अशीच देतात.

पावसाळ्यांत ओढे अडवितात, म्हणून मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. वाटाड्ये वारली, कोकणा व ठाकूर मंडळींतूनच घ्यावे. त्यांच्याइतका हा डोंगर दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. आग्या मोहोळाखालीं धूर करूं नये. मोजपट्टी, दोर, विजेरी व ठशाचा कागद बरोबर असावा.

जव्हार संस्थान १९४८ सालीं विलीन झालें व २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यांत आहे. राज्यव्यवस्था बदलली, कीं दप्तरें पांगतात. म्हणून वाटेंत कोणा घरीं जुने कागद दिसल्यास त्यांची नक्कल तेथेंच बसून करावी. आम्हां संग्राहकांस वस्तु उचलून आणण्याचा मोह फार. तो या प्रवासांत कटाक्षानें टाळावयाचा आहे. जागेवरून हलविलेला दगड मुका होतो, आणि मग त्याच्याविषयीं आपणच बोलत राहतों.